शुद्धिपत्र नसलेलं मासिक

पान एकोणीस मोबाइलच्या चौकटीत नीट बसवलं, अंगठा बटणावर नेला, आणि मला दिसलं की बॉयलरच्या आत काहीच नाही. शंभर मिलिमीटर व्यासाचा तांब्याचा आडवा पाईप, डाव्या तोंडाला एक सपाट झाकण, उजव्या तोंडाला एक, सगळी मापं माझ्या अक्षरात, बाणांची टोकं रेखीव, आणि मधोमध नुसता पांढरा कागद. त्या पांढऱ्या जागेत तीन दांडे असायला हवे होते. या झाकणापासून त्या झाकणापर्यंत आरपार जाणारे तांब्याचे तीन दांडे, दोन्हीकडे चांदीच्या डाखाने सांधून पक्के केलेले. वाफेचा दाब चढला की सपाट झाकण बाहेर फुगायला बघतं. दांडे त्याला आतून ओढून धरतात. ते नसले तर झाकण फुगतं, डाख सुटतो आणि उकळतं पाणी, समोर जो कोणी कौतुकाने वाकून बघत असेल, त्याच्या तोंडावर येतं. अंक सत्तेचाळीस, जानेवारी-फेब्रुवारी २००९. संपादक, लेखक आणि चित्रकार मीच. दर्शनाने, माझ्या सुनेने, स्वयंपाकघरातून दोनदा सांगितलं की बाबा, चहा निवतोय. निवू दे, म्हणालो.

मासिकाचं नाव ‘यंत्रछंद’. निघायचं दर दोन महिन्यांनी, पण आम्ही सगळे त्याला मासिकच म्हणायचो. दिवसभर कारखान्यात लोखंड कापून रविवारी परत घरच्या पडवीत लोखंडच कापायला बसतात, अशी काही येडी माणसं असतात, त्यांच्यासाठी ते होतं. मी स्वतः त्यातलाच. तंत्रशाळेत तीस वर्षं पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलं आणि घरी येऊन तळहातावर मावेल एवढं वाफेचं इंजिन करत बसलो. बाहेरच्या देशांत असली मासिकं कधीपासून निघतात. मुंबईला फुटपाथवर त्यांचे जुने अंक मिळायचे, ओल आलेले, वाळवीने कडा खाल्लेले. मुखपृष्ठावर टाय लावलेला म्हातारा स्वतःच्या बागेत, स्वतः केलेल्या गुडघ्याएवढ्या आगगाडीवर बसलेला, आणि चेहरा असा गंभीर की खरोखरच कुठे तरी वेळेवर पोहोचायचंय. ते म्हातारे मला फार आवडायचे. त्यांच्या मापांना इंच आणि त्यांच्या गरजांना दुकानं होती. आमच्याकडे बागही नाही आणि दुकानही नाही. मी ते सगळं मिलिमीटरमध्ये आणलं आणि भंगारात आणलं. शिलाई मशीनचं मोडकं चाक फ्लायव्हीलला, कुकरच्या शिट्टीचा सेफ्टी व्हॉल्व्ह, डाख द्यायला रॉकेलच्या स्टोव्हचं बर्नर. पत्रं यायची की सर, शिट्टी बसली, सर, चाक फिरलं. कसारा, वाडा, भिवंडी, मुरबाड. टर्नर, फिटर, दोन डॉक्टर, एक कीर्तनकार. त्या पत्रांवर मी आठ वर्षं जगलो, हे बायकोला कधी कळलं नाही आणि तिला सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

आणि आठ वर्षांत एकदाही शुद्धिपत्र छापलं नाही. भल्याभल्यांच्या अंकात शेवटच्या पानावर बारीक टाइपात चौकट असते, मागील अंकी अमुक आकृतीत तमुक माप चुकले आहे. माझ्या अंकात ती नव्हती, आणि नाही, हे मी संपादकीयात दोनदा लिहिलं. दुसऱ्यांदा लिहिताना जरा जास्तच फुगून लिहिलं. माझा मुलगा प्रणित तेव्हा म्हणाला होता, बाबा, हे असं लिहू नये. त्याला काय कळतंय, असं मला वाटलं. आता त्यानेच मोबाइलवर जुन्या वाचकांचा ग्रुप करून दिलाय, एकसष्ट माणसं, आणि ती मागे लागली आहेत की सर, सगळे अंक स्कॅन करून टाका, तुमच्या चित्रांवरून डोळे मिटून काम करावं. डोळे मिटून. मी रोज एक अंक टाकत आलो. सत्तेचाळीसवर अडलो. हातात पेन्सिल होती. तीन जोडरेघा, सहा ओढण्या, मग फोटो काढायचा, कुणाला पत्ता लागला नसता. पेन्सिलीचं टोक कागदाला लागलंही. मग मनात आलं, कागदावरचे अंक दोनशेऐंशी घरांत गेले, त्यांच्या आत जाऊन रेघा कोण ओढणार. पेन्सिल ठेवून दिली.

खोटं कशाला बोला, मला हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं नव्हतं. मला ते सोळा वर्षं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शहापूरच्या स्टँडवर मुरबाडच्या गाडीत बसलो आणि सापगावच्या पुलावर गाडी आली तेव्हा हे वाक्य मी मनात पहिल्यांदा पूर्ण केलं. खाली भातसेचं पाणी संथ होतं. दर्शनाला सांगून आलो होतो की एका जुन्या वाचकाला भेटायला जातोय. ती म्हणाली, बाबा, गोळ्या घेतल्यात ना. शेजारच्या सीटवर एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती, कोंबडीचे पाय बांधलेले, आणि कोंबडी अगदी शांत, एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. मला त्या डोळ्याचाही राग आला. झालं होतं ते एवढंच: दांडे वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर काढलेले, दोन ट्रेसिंग एकावर एक ठेवून छपाईला द्यायचे, आणि वरचं माझ्याच टेबलावर फूटपट्टीखाली राहिलं. छापखान्याने प्रूफ पाठवलं होतं. मी ते बघितलं नाही, कारण आठ वर्षांत माझ्या प्रूफात चूक सापडली नव्हती. लेखात दांड्यांबद्दल एक अक्षर नव्हतं, चित्रात दिसतायत तर लिहायचं कशाला, हा माझा नेहमीचा खाक्या. अंक गेला. आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं.

निळ्या शाईतलं, रेघांच्या वहीचं पान. नामा मेंगाळ, मुक्काम पळसपाडा, तालुका मुरबाड. मला त्यातलं प्रत्येक वाक्य पाठ आहे, पण ते इथे देत नाही, कारण पाठ असण्याचंही मला आता कौतुक नको. विचारलं होतं एवढंच, की झाकणांना आतून दांडे नकोत का, आमच्या कंपनीतल्या मोठ्या बॉयलरला असतात, का लहानाला चालतं तसंच. मी फूटपट्टी उचलली, ट्रेसिंग तिथेच होतं. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. मला वाटला तो राग. डोंगराकडचा कुणी तरी, कंपनीत धातू कातायचा लेथ चालवणारा, लिहिताना वेलांट्या चुकणारा, तो मला दाखवतोय. उत्तराला एक पोस्टकार्ड लागलं असतं. पुढचा अंक अठ्ठेचाळीसावा, आणि तो शेवटचा, हे ठरलेलं होतं. त्यात निरोपाची पत्रं होती, डॉक्टरांनी माझ्यावर दोन पानं लिहिली होती, आणि त्यातच डॉक्टर म्हणाले होते की या मासिकाने कधी शुद्धिपत्र छापलं नाही. त्या पानाच्या समोर मी ती चौकट टाकू? टाकली नाही. पत्र फाईलला लावलं आणि मासिक बंद केलं. नंतर वर्षभर पेपर उघडला की आधी मुरबाडची बातमी शोधायचो, वाफेने भाजून कोणी. मग तेही सोडलं. चौकशी केली असती तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तराचीच तर भीती होती. किन्हवलीला कोंबडीवाली उतरून गेली. मला वाटलं, आपणही उतरावं, समोरून येणारी गाडी पकडावी, घरी जाऊन अठ्ठेचाळीसावा स्कॅन करावा. सरळगाव आलं तेव्हाही वाटलं. मुरबाड आल्यावर उतरावंच लागलं.

पुढे जीप. ड्रायव्हरच्या बाजूला एक बाई भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसलेली, तिने विचारलं, “कुठं जायचं बाबा?”

“पळसपाडा. नामा मेंगाळांकडे.”

“कोन, वाचमन नामा?”

“नाही, टर्नर. कंपनीत लेथवर.”

“आमच्यात एकच नामा मेंगाळ हाय. तो वाचमन.”

आहे, म्हणाली ती. होता नाही. त्या एका शब्दाने एक भीती गेली आणि लगेच दुसरी आली. माणूस लेथवरून गेटवर कधी येतो? बोटं गेली की. डोळा गेला की. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खुंटं, मधूनच पेंढ्याच्या उडव्या, डोंगर अगदी जवळ आलेले. मी त्याचा चेहरा मनात जुळवायला लागलो, एक गाल चुरगळलेला, एक पापणी ओढलेली, आणि त्या चेहऱ्याला काय बोलायचं त्याची वाक्यं. एकेक वाक्य कच्चं निघत होतं. जन्मभर सरळ रेघा मारल्या, पण सरळ वाक्य एक जमेना.

पाड्यावर खळ्यात झोडणी चालली होती. फळीवर भाताची पेंढी आपटणारा एक माणूस पाठमोरा होता. हात वर जायचा, खाली यायचा, आणि मी बोटं मोजत होतो. डाव्या हाताची पाच. उजव्या हाताची पाच. तो वळला. गाल साफ, डोळे दोन्ही, पन्नाशीचा काटक माणूस, केसांत भाताचं कूस.

“वेखंडे सर?” तो म्हणाला. संपादकीयावर माझा फोटो असायचा, त्यावरून ओळखलं असणार. पण तो फोटो काळ्या केसांचा होता. “यंत्रछंद? जिवले, ए जिवले, बघ गो कोन आलंय. अंकवाले सर. खाट टाक बाहेर.”

जिवली, त्याची बायको, खाट घेऊन आली, पाणी घेऊन आली, आणि पदराने हात पुसत माझ्याकडे बघत राहिली. मी एवढ्या लांब का आलो, हे तिने डोळ्यांनीच विचारलं. तो मात्र काही विचारत नव्हता, नुसता खूश होता, आणि ते खूश असणं मला सहन होईना. मी पाणी संपवायच्या आत विचारलं, सत्तेचाळीसातला बॉयलर केला होता का.

“केला ना. चार केलं.”

“चार?”

“फुगायचं ते. तुमी ल्हिलं व्हतं ना, आधी पान्यानी दाब द्यायचा, वाफ मागनं. तसा पंपानी दाब दिला. काटा चढला, अर्ध्यावर गेला, न् झाकण आलं बाहेर. आवाज नाय, काय नाय. पानी गळालं न् बसलं.”

ते मी लिहिलं होतं खरं. प्रत्येक बॉयलरच्या लेखाखाली, ठळक टाइपात: थंड पाण्याने दाब देऊन पाहिल्याशिवाय विस्तव लावू नये. म्हणजे त्याचा चेहरा माझ्याच एका वाक्याने वाचला होता. मी सुटलो. चांगली पाच-दहा सेकंदं मी खाटेवर ताठ बसलो, आणि हेही सांगतो की त्या सेकंदांत मला अभिमान वाटला. मग तो पुढे बोलायला लागला.

“बोल्लो, तांबं जास्ती लाल केलं असंल, नरम पडलं. दुसऱ्याला कमी तापवलं. तो फुगला. तिसऱ्याला झाकण जाड घेतलं, तुमच्या मापाच्या बाहेर जाऊन, तवा डाख सुटला. बोल्लो, सरांचं माप सोडलं म्हनून सुटला. चौथ्याला परत तुमच्याच मापानी. दोन वर्सं गेली. एक रविवार सोडला नाय.”

“चित्रावर शंका आली नाही?”

“सुरवातीला आली. ल्हिलं व्हतं तुमाला. उत्तर नाय आलं तवा कळलं, प्रश्नच येड्यासारखा असंल. सरांनी कशाला येळ घालवायचा.” हे सांगताना तो हसला, आणि त्या हसण्यात मला टोचण्याचा लवलेश नव्हता. “खंडेनवमीला मी लेथच्या संगती तो अंक मांडायचो पूजेला. हळदकुंकू हाय अजून त्याच्यावर. छापलेलं कसं चुकंल? हातच चुकत व्हता.”

कारखान्यातले सगळे लेथवाले त्या दिवशी यंत्राला हार घालतात. अंकाला हळदकुंकू वाहणारा हा एकच असेल. त्याने पुढचं सगळं असं सांगितलं जसं कोणी विहिरीचं पाणी कधी आटलं ते सांगतो. चौथा फुगला आणि हातावरचा भरवसा गेला. कंपनीत एक माप घ्यायचं तर तो तीनदा घ्यायला लागला, घेतलेलं खरं वाटेना, चौथ्यांदा घ्यायचा. जॉब मागे पडायला लागले. सुपरवायजर बोलायला लागला. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं त्याच्यापुढे गेली. “मंग मीच साहेबाला बोल्लो, मला गेटवर टाका. घरचा लेथबी देऊन टाकला.” जिवली मध्येच म्हणाली, “आमच्या योगिनीला टर्नरचा कोर्स करायचा व्हता. पोरींना घेतात म्हनं आता. ह्यांनी नाय जाऊ दिली.” तो खाली मान घालून पायाने कूस गोळा करत म्हणाला, “बोल्लो, आपल्या हातात ते नाय गो. उगा हसं होईल. पॅकिंगला जाते आता.”

आपल्या हातात ते नाय. मी तंत्रशाळेत तीस वर्षं होतो. हे वाक्य मी स्वतः किती पोरांना वेगवेगळ्या सभ्य शब्दांत सांगितलं असेल, ते सगळे चेहरे त्या खळ्यात माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पण तेही पुन्हा माझंच दुःख कुरवाळणं होतं. मी भाजलेला चेहरा शोधत आलो होतो. भाजलेल्या चेहऱ्याची माफी मागता येते, ती वाक्यं मी जीपमध्ये कशीबशी तयार केली होती. यासाठीची वाक्यं माझ्याकडे नव्हती. मी उठलो, झाडूतली एक काडी घेतली आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर उकिडवा बसून दोन झाकणं आणि पाईप काढला. रेघ वाकडी आली. म्हटलं, नामा, चूक माझी होती. यात एक गोष्ट छापायची राहिली. तो समोर येऊन बसला. मग त्याने माझ्या हातातली काडी घेतली आणि या झाकणापासून त्या झाकणापर्यंत तीन रेघा ओढल्या. त्याच्या रेघा सरळ होत्या.

“हे?”

“हे.”

“मी हेच ल्हिलं व्हतं.”

“हो. पत्र मिळालं होतं मला.”

त्याचा हात काडीसकट तिथेच राहिला. जिवलीला आधी कळलं. ती म्हणाली, “मंग उत्तर का नाय दिलं?” मी म्हणालो, लाज वाटली. म्हणताच मला कळलं की हे पूर्ण खरं नाही, बरं दिसावं म्हणून निवडलेलं आहे, आणि तिलाही ते कळलं असावं, कारण ती घरात निघून गेली. नामाने दोन्ही हात गुडघ्यांवर उलटे ठेवले आणि तळव्यांकडे बघत बसला. मी वाट बघत होतो की तो शिवी देईल, निदान उठून जाईल. त्याने विचारलं, “म्हंजे माझा हात बरा व्हता?”

“चांगला होता. चारही बॉयलर चांगलेच असणार.”

“पोरगी सहाला येते,” तो म्हणाला. “तिला सांगून जा. माझ्या तोंडून तिला खरं नाय वाटायचं.”

शेवटची जीप साडेपाचला होती. ती आली, हॉर्न देऊन थांबली, ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, आणि गेली. नामा परत झोडणीला लागला होता. मी खाटेवर बसून पुन्हा वाक्यं जुळवत होतो. एका मासिकात, योगिनी, फार पूर्वी. छपाईच्या गडबडीत, योगिनी. गडबड कसली, प्रूफ टेबलावर चार दिवस पडलं होतं. डोंगराची सावली खळ्यावर आली, चहा आला, मी तो प्यायलो, जिवलीने कप उचलून नेला. सव्वासहाला योगिनी आली. पंचविशीची, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी, वडिलांसारखी काटक. तिने मला बघून आईकडे बघितलं.

“बस गो,” नामा म्हणाला. हातातली पेंढी त्याने खाली ठेवली. “हे अंकवाले सर. काय सांगतात ते ऐक.”

मी सांगायला लागलो. “योगिनी, तुझ्या वडिलांनी ज्यावरून बॉयलर केले त्या चित्रात माझ्याकडून एक चूक राहून गेली होती.”

“ते नको,” नामा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्याने मला सर म्हटलं नाही. “चूक कोनाचीबी व्हते. ती कोनी धरली ते तिला सांगा. न् तुमी गप का ऱ्हायलात, ते सांगा.”

योगिनीने पिशवी खांद्यावरून काढली आणि माझ्या समोर जमिनीवर बसली.